मराठवाड्यातून क्रूझला जाताना: जहाजावर काय बिघडतं, का बिघडतं आणि तेव्हा काय करायचं

जहाजावरच्या बऱ्याच अपघातांची सुरुवात घरी, बॅग भरतानाच होते. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर आता लातूर, नांदेड, परभणी, संभाजीनगरकडची कुटुंबं आजी-आजोबांपासून कडेवरच्या लेकरापर्यंत सगळ्यांना घेऊन जातात. अशा गटात निम्म्या जणांनी समुद्र आधी पाहिलेला नसतो. धास्ती सगळ्यांना एकच: जहाज बुडालं तर? त्याचं पुढं येईलच. पण जहाजावरच्या दवाखान्यात रोज येणारी माणसं दारात बोट चेंगरलेली, ओल्या डेकवर घसरलेली, उलट्या-जुलाबानं गळून गेलेली असतात. तयारी दोन्हींची करायची, आणि ती क्रमानं केलेली बरी.

## बॅगेतून काय काढायचं, काय घालायचं

पाणी तापवायचा रॉड, चहाची इलेक्ट्रिक किटली, इस्त्री, इंडक्शन शेगडी घरीच ठेवा. कॅबिन छोटी, त्यात गाद्या, पडदे, वाळत टाकलेले कपडे. तापलेली वस्तू चालू राहिली तर पेट घ्यायला वेळ लागत नाही. चढताना स्कॅनरमध्ये ह्या वस्तू दिसतातच, मग त्या काढून घेतात आणि उतरताना परत देतात. तीच गत अगरबत्ती, धूप, कापूर आणि निरांजनाची. आजींची रोजची पूजा चुकत नसेल तर देवाचा छोटा फोटो आणि हळद-कुंकू न्यावं. ज्योत मात्र नाही, फुलवातीएवढीही नाही.

एक्स्टेंशन बोर्डही घरीच ठेवायचा, आणि त्याचं कारण नीट समजून घ्यावं, कारण ‘एवढ्यानं काय होतंय’ असं नेमकं इथंच म्हटलं जातं. घरच्या विजेत एक तार फेजची आणि एक न्यूट्रल, आणि न्यूट्रल जमिनीशी जोडलेली. पुष्कळ जहाजांवर दोन्हींपैकी एकही तार जहाजाच्या सांगाड्याशी जोडलेली नसते, त्यामुळं दोन्ही तारांमध्ये दाब असू शकतो. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा भाग) असलेले बोर्ड घरच्या पद्धतीसाठी बनवलेले असतात. जहाजावर कुठं बिघाड झाला की त्यातला प्रोटेक्टरचा भाग तापत जातो, आणि बटण बंद केलं तरी एक तार जिवंतच राहते. म्हणून सर्ज प्रोटेक्टर नसलेला, तीन-चार फोन एकदम लागतील असा साधा यूएसबी चार्जर न्यावा. पॉवर बँक उशीखाली ठेवून चार्ज करू नये.

औषधं हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात आणि त्या कॅबिनच्या दाराशी काही तासांनी पोचतात. तोवर साखरेच्या गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ टळून गेलेली असते. सहलीच्या दिवसांपेक्षा तीन-चार दिवस पुरतील इतकी जास्तीची औषधं घ्यावीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं, कारण आपल्याकडचा ब्रँड जहाजावरच्या डॉक्टरांना ओळखीचा असेलच असं नाही. कॅबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड नसतो. इन्सुलिन कुठं ठेवायचं ते चढल्याबरोबर विचारावं.

गरोदर बाईला सहल संपेपर्यंत २४वा आठवडा लागणार असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचंही तेच. हे तिकीट काढण्याआधी विचारायचं, टर्मिनलवर नाही. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल आपल्या खात्यावर चढतं, आणि नेहमीचं कॅशलेस कार्ड तिथं सहसा चालत नाही. त्यामुळं रुग्णाला जहाजावरून किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च धरलेला प्रवास विमा असावा.

पायात मागून पट्टा असलेली, रबरी तळाची सँडल. साध्या चपला आणि कोल्हापुरी जेवणाच्या हॉलपुरत्या ठेवा, डेकवर नको.

देवगिरीनं किंवा लातूर-मुंबईनं सकाळी उतरून त्याच दिवशी जहाज गाठायचा बेत टाळावा. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. झाला नाही तरी रात्रभराचं जागरण आणि भलत्या वेळचं खाणं घेऊन चढलेला माणूस पहिल्याच संध्याकाळी मळमळीनं आडवा होतो. मुंबईत एक मुक्काम स्वस्तच पडतो.

## चढल्यानंतरचा पहिला तास

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या माणसाच्या अंगात एक सवय मुरली आहे: हादरा बसला की उंबऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत. जमिनीवर ही सवय जीव वाचवते. जहाजाला मात्र ‘बाहेर’ नसतं. तिथं धावत सुटलेला माणूस जिन्यात गर्दी करतो, चुकीच्या डेकवर पोचतो आणि मोजदादीत हरवतो. जहाजावर जीव वाचतो तो ठरलेल्या जागी जाऊन थांबल्यानं. ती जागा म्हणजे मस्टर स्टेशन, आणि ती शोधायचं काम बुफेच्या आधीचं.

इटलीजवळ १३ जानेवारी २०१२ च्या रात्री कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज जिल्यो बेटाशेजारच्या खडकावर घासलं. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा मस्टर स्टेशनवर जमायचा सराव दुसऱ्या दिवशी ठेवलेला होता. जहाज सोडायचा हुकूम यायला तासाभराहून जास्त वेळ गेला. तोवर कुठं जायचं हेच ठाऊक नसलेली माणसं कलत्या जिन्यांत अडकत होती. ३२ जणांचा जीव गेला. त्यानंतर नियम बदलला: १ जानेवारी २०१५ पासून हा सराव जहाज निघण्याआधी किंवा निघताच घ्यावा लागतो. आता बऱ्याच जहाजांवर सूचनांची फीत टीव्हीवर किंवा मोबाइलवर बघायची आणि नंतर स्टेशनवर जाऊन हजेरी लावायची अशी सोय असते. फीत चालू ठेवून बॅगा उघडत बसणं म्हणजे सराव नव्हे.

कॅबिन मिळाली की हे करा:

१. प्रत्येकाच्या कार्डावरचा स्टेशनचा क्रमांक किंवा अक्षर वाचा आणि फोटो काढून ठेवा. एकाच घरची माणसं चार कॅबिनमध्ये असतील तर स्टेशनं वेगवेगळी असू शकतात. तसं निघालं तर रिसेप्शनवर विचारून एक करता येतं का बघा. नाहीच झालं तर सगळ्यांना बसवून सांगा की भोंगा वाजल्यावर कुणी कुणाला शोधायला जायचं नाही, ज्यानं त्यानं आपलं स्टेशन गाठायचं. सगळ्यात जास्त गोंधळ ह्या शोधाशोधीनंच होतो.

२. लेकरं खेळघरात असतील तर तिथले कर्मचारी त्यांना कुठं आणणार, हे आजच विचारा. मनगटावरचा पट्टा त्याचसाठी असतो. तो आंघोळीतही काढू नये.

३. कॅबिनपासून स्टेशनपर्यंत लिफ्टनं नाही, जिन्यानं चालत जा. परत येताना भिंतीला हात लावून आपल्या दारापासून जिन्यापर्यंत किती दारं आहेत ते मोजा, दोन्ही दिशांना. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, मोजलेली दारं पडतात.

४. गुडघे दुखणारे, काठीवर किंवा व्हीलचेअरवर असलेले आजी-आजोबा रिसेप्शनवर नोंदवा. मदत लागणाऱ्यांची यादी जहाजाकडं असते आणि त्यांना न्यायला कर्मचारी येतात, पण यादीत नाव असलं तरच. ‘मी येईन हळूहळू’ म्हणणाऱ्या आजोबांचं नाव आधी घालावं.

५. घोषणा इंग्रजीत होतात, कधी हिंदीतही. ज्यांना दोन्ही नीट कळत नाहीत अशा प्रत्येक माणसासोबत एक कळणारा माणूस ठरवून ठेवा. भोंग्याला मात्र भाषा लागत नाही: सात किंवा जास्त आखूड आणि मग एक लांब. लेकरांकडून टाळ्यांवर म्हणून घ्या, मोठ्यांच्याही लक्षात राहतं.

लाइफ जॅकेट काही जहाजांवर कपाटात असतात, काहींवर स्टेशनवर. कपाटात असतील तर मोजा. मापं वजनावर असतात: १५ किलोच्या आत बाळाचं, १५ ते ४३ किलोला लहान मुलाचं, ४३ किलोच्या वर मोठ्याचं. बारीक अंगाच्या दहा वर्षांच्या मुलीला मोठ्याचं जॅकेट दिलं तर पाण्यात ते वर सरकून तोंडावर येतं आणि ती खालून निसटू शकते. बाळाचं किंवा मुलाचं जॅकेट कॅबिनमध्ये नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या.

घालायची रीत अशी. जॅकेट डोक्यातून घाला. पट्टा पाठीमागून आणून पुढं अडकवा आणि ‘खट्’ आवाज ऐका. मग टोक ओढून इतकं आवळा की खांद्याजवळून वर उचललं तरी हनुवटीपर्यंत येऊ नये. सैल पट्टा ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावायचाच. शिट्टी आणि दिवा कुठं आहे ते चाचपून बघा. साडी असेल तर पदर आत खोचून त्यावर जॅकेट, आणि निऱ्या वर घेऊन काष्ट्यासारख्या मागं खोचाव्यात. ओल्या साडीत पाय हलत नाहीत आणि लाइफबोटीत चढताना ती कशातही अडकते. भोंगा वाजल्यावर कपडे बदलायला परत जायचं नाही. म्हणून झोपताना सलवार-कमीज किंवा पायजमा घातलेला बरा.

## रोजचे अपघात

दारं. कॅबिनचं दार जड असतं आणि आपोआप मिटतं. बाल्कनीचं दार उघडं असताना कुणी कॅबिनचं दार उघडलं की वाऱ्याचा झोत आरपार जातो आणि दोन्हींपैकी एक दार माणसाच्या ताकदीनं थांबवता येणार नाही इतक्या जोरानं आदळतं. लहान मुलांची बोटं तुटतात ती अशी, आणि बहुतेकदा कडीच्या बाजूला नाही तर बिजागरीच्या बाजूला. नियम एकच: एक दार मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. डेकवर जाणारी दारं वारा असताना मूठ धरून, अंगानं रेटत उघडावीत.

न्हाणीघराचा उंबरा घरच्या उंबऱ्यापेक्षा उंच असतो. रात्री अर्धवट झोपेत उठलेले आजोबा तिथंच पडतात. न्हाणीतला दिवा रात्रभर चालू ठेवून दार थोडं उघडं ठेवलं की पुरतं. जहाज हलत असताना जिन्यात, डेकवर एक हात कायम कठड्याला असावा, म्हणजे दोन्ही हातांत ताटं घेऊन चालणं बंद.

पोहायचा तलाव. इथं मराठवाड्यातल्या पोरांना वेगळा धोका आहे, कारण त्यांना पोहायला येतं. विहिरीत काठावरून सूर मारायची सवय असते, खाली तीन-चार पुरुष पाणी असतं. जहाजावरचा तलाव पुष्कळदा जेमतेम छातीएवढा. त्यात डोक्यावर उडी म्हणजे मानेचं हाड. काठावर लिहिलेली खोली वाचल्याशिवाय पाण्यात पाय नाही. शिवाय जहाज डुललं की पाणी एका टोकाला साचतं आणि उथळ कडेला उभं असलेलं लेकरू क्षणात बुडण्याइतक्या पाण्यात येतं. अनेक जहाजांच्या तलावांवर जीवरक्षक नसतो. म्हणून लेकरू पाण्यात असेपर्यंत एका मोठ्या माणसानं हातभर अंतरावर राहायचं, फोन खिशात. ‘सगळे आहेत तिथं’ म्हणजे कुणीच लक्ष देत नाही.

कठडा. तो साधारण १.०७ मीटर उंच असतो, मोठ्या माणसाच्या पोटाच्या वर. सरळ उभा असलेला माणूस त्यावरून पडत नाही. पडतो तो खुर्चीवर चढलेला, कठड्यावर बसलेला, दारू पिऊन शेजारच्या बाल्कनीत डोकावणारा किंवा फोटोसाठी मागं झुकलेला. बाल्कनीतली खुर्ची आणि टेबल कठड्यापासून लांब, भिंतीला लावून ठेवा. तीन वर्षांच्या पोराला खुर्ची ओढता येते, आणि बाल्कनीच्या दाराची वरची कडी त्याचसाठी असते.

मळमळ. डोळे सांगतात आपण स्थिर आहोत आणि कान सांगतो हलतो आहोत, ह्या भांडणातून ती होते. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या डेकवर हेलकावे कमी जाणवतात, म्हणून ज्यांना एसटीतही उलटी होते त्यांची कॅबिन तशी घ्या. आत बसून मोबाइल बघण्यापेक्षा बाहेर येऊन क्षितिजाकडं बघावं, पोट रिकामं ठेवू नये आणि तळकट टाळावं. प्रोमेथाझिनसारखी गोळी मळमळ सुरू होण्याआधी तास-दीड तास घेतली तरच नीट चालते. तिनं झोप येते, दारूसोबत ती धोक्याची असते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. लहान मुलांना आपल्याच गोळीचा अर्धा तुकडा देणं तर अजिबात नाही.

छोट्या बोटीत चढणं-उतरणं. लक्षद्वीपला मोठं जहाज दूर उभं राहतं आणि प्रवासी छोट्या बोटीनं बेटावर जातात. बोट लाटेसोबत वर-खाली होत असते. खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच एका दमात पाऊल टाकायचं, अर्धा पाय इथं आणि अर्धा तिथं ठेवून थांबायचं नाही. बोट आणि जहाज यांच्या फटीत हात घालायचा नाही, खाली पडलेल्या मोबाइलसाठी तर मुळीच नाही. जॅकेट बसायच्या आधी घाला, बुडाखाली घेऊन बसू नका. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. अशा धडकेनंतर जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही. मोठ्या जहाजापेक्षा ह्या तासाभराच्या बोटी जास्त सांभाळून करायच्या.

## पोट बिघडलं तर लपवू नका

क्रूझवरची उलट्या-जुलाबाची साथ बहुधा नोरोव्हायरसची असते. तो अगदी थोडा पोटात गेला तरी पुरतो, १२ ते ४८ तासांत गाठतो आणि एक ते तीन दिवस आडवा पाडतो. बुफेचे चमचे, जिन्याचे कठडे, लिफ्टची बटणं ह्या त्याच्या वाटा. अल्कोहोलचं सॅनिटायझर ह्या विषाणूवर नीट चालत नाही. जेवणाआधी साबण लावून वीस सेकंद हात चोळून धुणं हाच उपाय. खिशात सॅनिटायझर आहे म्हणून नळ टाळणारी माणसं साथीच्या काळात पहिली आजारी पडतात.

उलटी झाली की कॅबिनमध्ये थांबा, फोन करून दवाखान्याला कळवा, ओआरएसची मोठी पुडी लिटरभर पाण्यात कालवून घोट-घोट पाजा. स्वतः टॉवेलनं पुसून तो टॉवेल न्हाणीत टाकू नका. साफ करायला वेगळं जंतुनाशक घेऊन माणसं येतात. पैसे भरले आणि आता खोलीत कोंडून ठेवतील, ह्या भीतीनं लोक आजार लपवतात आणि दुसऱ्या दिवशी बुफेच्या रांगेत उभे राहतात. मग तिसऱ्या दिवशी आख्खं कुटुंब कोंडलं जातं. बंद जागेत साथ कशी पसरते ते फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामात थांबलेल्या डायमंड प्रिन्सेसवर जगानं पाहिलं: ३,७११ माणसं, त्यातल्या ७१२ जणांना कोरोना.

## आग आणि धूर

इंजिनच्या खोलीत तेलाची नळी गळून तापलेल्या भागावर फवारा उडणं, लाँड्रीत साचलेलं कापसासारखं सूत, स्वयंपाकघरातलं तळणाचं तेल ही आगीची नेहमीची कारणं. ती विझवायला प्रशिक्षित माणसं असतात. प्रवाशाच्या हातातलं कारण म्हणजे सिगारेट. २३ मार्च २००६ ला जमैकाकडं निघालेल्या स्टार प्रिन्सेसच्या बाल्कनीत आग लागली, ती बहुधा टाकलेल्या सिगारेटनं. बाल्कन्यांमधल्या प्लास्टिकच्या आडभिंती पेटत आग डेकमागून डेक चढली आणि एक प्रवासी दगावला. समुद्रात भिरकावलेलं थोटूक समुद्रात जात नाही. वारा ते परत खालच्या-वरच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या टॉवेलवर आणून टाकतो.

धूर दिसला किंवा वास आला तर आधी माणसांना बाहेर काढा, दार नुसतं ओढून घ्या (कुलूप नको), जवळचं लाल बटण दाबा किंवा फोनवर लिहिलेला तातडीचा क्रमांक लावा आणि डेक व कॅबिन क्रमांक सांगा. कॅबिनमध्ये असाल आणि बाहेर आग असेल तर दाराला तळहात नाही, हाताची मागची बाजू लावून बघा. थंड असेल तर वाकून, फरशीजवळच्या दिव्यांच्या पट्टीमागं जिन्याकडं जा. वाटेत आगीची मोठी दारं आपोआप मिटलेली दिसतील. पाहून लोक घाबरतात, ‘कोंडलं’ म्हणून ओरडतात. ती कुलूपबंद नसतात. ढकला, पलीकडं जा आणि मागं मिटू द्या. मागच्यांसाठी चप्पल अडकवून उघडं ठेवलं तर धूर त्याच वाटेनं येतो.

दार तापलेलं असेल तर आतच थांबा. ओला टॉवेल दाराच्या फटीत कोंबा, फोन करून आत किती माणसं आहेत ते सांगा, बाल्कनी असेल तर तिथं जाऊन दिसत राहा.

## वीज गेली तर

इंजिन बंद पडलं की जहाज बुडत नाही, पण फार त्रासाचं होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्निव्हल ट्रायम्फवर इंजिनच्या खोलीत आग लागली आणि चार हजारांहून जास्त माणसं मेक्सिकोच्या आखातात काही दिवस तरंगत राहिली, शौचालयं तुंबलेली. मार्च २०१९ मध्ये नॉर्वेजवळ वादळात व्हायकिंग स्कायची इंजिनं बंद पडली. कारण वंगणतेलाची पातळी कमी होती, आणि जहाज डुलताच तेलाचा उपसा तुटला. ४७९ जणांना एकेक करून हेलिकॉप्टरनं उचलावं लागलं.

आणीबाणीचा जनरेटर दिवे, घोषणा, पाणी उपसायचे पंप, सुकाणू एवढंच चालवतो. प्रवासी जहाजावर त्यानं ३६ तास पुरलं पाहिजे असा नियम आहे. एसी, गरम जेवण आणि शौचालयं त्यात येत नाहीत. जहाजाचं शौचालय पाण्याच्या लोटानं नाही, हवेच्या ओढीनं चालतं, आणि ती ओढ विजेवर. म्हणून वीज जाताच नळाला पाणी असेपर्यंत बाटल्या भरून घ्या, फ्रिजमधलं इन्सुलिन कर्मचाऱ्यांकडं द्या, मोबाइलचा टॉर्च वापरून बॅटरी संपवू नका, आणि शौचालय वापरायचं की दिलेल्या पिशव्या, ते घोषणेनुसार ठरवा. खालच्या डेकवर उकडायला लागलं की म्हाताऱ्या माणसांना सावलीतल्या उघड्या डेकवर आणा.

## जहाज सोडायची वेळ आली तर

सात आखूड-एक लांब भोंगा म्हणजे ‘जहाज सोडा’ नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की स्टेशनवर या. जहाज सोडायचा हुकूम कॅप्टन वेगळा देतो. पुष्कळदा तो कधीच येत नाही आणि सगळे परत कॅबिनमध्ये जातात.

स्टेशनवर जाताना रोजची औषधं, चष्मा, पायात पट्ट्याची सँडल, हात-पाय झाकणारे कपडे. बॅग नाही, सोन्याचा डबाही नाही. स्टेशनवर नाव पुकारतील तेव्हा मोठ्यानं ‘हजर’ म्हणा आणि तिथून हलू नका. एक माणूस ‘आलोच’ म्हणून गेला की त्याला शोधायला धुरात दोन कर्मचारी जातात.

जहाज २० अंशांपर्यंत कललं तरी लाइफबोट उतरवता आली पाहिजे आणि सगळे जमल्यावर हुकमानंतर ३० मिनिटांत बोटी पाण्यात गेल्या पाहिजेत, असा नियम आहे. कलणं त्याहून वाढलं की वरच्या बाजूच्या बोटी जहाजाच्या अंगावर घासतात. कॉनकॉर्डियावर हेच झालं. म्हणून लवकर जमणं महत्त्वाचं. बोटीत चढल्यावर थेट आतल्या जागेपर्यंत सरका, बसा, पट्टा लावा. आपल्या माणसाला बघायला एकाच बाजूला उभं राहू नका. हजारो टनांच्या जहाजाला पन्नास माणसांनी फरक पडत नाही, लहान बोटीला जीवघेणा पडतो. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट लाटेनं कलली, माणसं एका बाजूला धावली आणि बोट उलटली. सहाशेंहून जास्त माणसं गेली.

लाइफबोटीत जवळजवळ प्रत्येकाला उलटी होते, कारण बंद जागा आणि लहान बोटीचा हेलकावा. गोळ्या बोटीतच असतात, त्या बसताक्षणीच घ्याव्यात.

पाण्यात उडी हा शेवटचा मार्ग, बोट आणि तराफा दोन्ही नसताना. जितकं खाली जाता येईल तितकं जाऊन, खाली माणूस किंवा लाकूड नाही ना बघून, एका हातानं नाक दाबा, दुसऱ्या हातानं जॅकेट घट्ट खाली धरा, समोर बघत पाऊल टाका, पाय जुळवून. सूर नाही. उंचावरून पडताना जॅकेट धरलं नाही तर ते वर उसळून हनुवटीला बसतं आणि मान दुखावते. पाण्यात पोहत सुटू नका. गुडघे पोटाशी घ्या, चार-पाच जण असाल तर खांदे धरून गोल करा, लेकरं मध्ये. अरबी समुद्र नॉर्वेसारखा गोठवत नाही. इथं माणूस थकव्यानं, उन्हानं आणि तहानेनं खचतो. समुद्राचं पाणी घोटभरही पिऊ नये. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईपासून दूर पी-३०५ ही समुद्रातल्या तेलक्षेत्रावरच्या कामगारांची राहायची बार्ज (मोठा सपाट तराफा) बुडाली तेव्हा नौदलानं १८० हून जास्त जणांना वाचवलं. त्यातले पुष्कळ जण जॅकेटच्या आधारानं खवळलेल्या पाण्यात तासन्‌तास तरंगत होते.

## कुणी पाण्यात पडलं तर

२० नॉट वेगानं जहाज मिनिटाला सहाशे मीटर पुढं जातं. लाटांत माणसाचं डोकं दीड-दोन मिनिटांत दिसेनासं होतं. म्हणून पहिलं काम ओरडणं, दुसरं जवळची लाइफ रिंग फेकणं. ती त्याच्या हातात पडली नाही तरी पाण्यावर खूण राहते. एकानं बोट दाखवत त्या माणसावरची नजर काढायचीच नाही, घोषणा झाली तरी, कुणी काही विचारलं तरी. दुसऱ्यानं तातडीचा फोन लावायचा आणि जहाजाची कुठली बाजू, किती वाजले एवढं सांगायचं. मागोमाग उडी मारू नका. पट्टीचे पोहणारे असाल तरी नाही. शोधायला एकाऐवजी दोन डोकी होतात.

## घरच्यांसाठी आणि परत आल्यावर

गावी राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडं जहाजाचं नाव, बुकिंग क्रमांक, सगळ्यांचे कॅबिन क्रमांक आणि कंपनीचा फोन लिहून ठेवा. समुद्रात नेटवर्क नसतं. दोन दिवस फोन लागला नाही म्हणजे काही झालं असं नाही, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारा पेटत्या जहाजाचा व्हिडिओ बहुतेकदा भलत्याच वर्षाचा असतो. आधी कंपनीला फोन, आणि खरोखर समुद्रातल्या मदतीचा प्रश्न असेल तर भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

जहाजावर पडलात, भाजलात किंवा आजारी झालात तर उतरण्याआधी तीन कागद घ्या: दवाखान्याचा अहवाल, बिलाची पावती आणि सुरक्षा विभागाकडं लिहून दिलेल्या नोंदीची प्रत. घसरलेली जागा, तुटलेली कडी, ओली फरशी यांचे फोटो त्याच दिवशी काढा, कारण दुसऱ्या दिवशी ती जागा पुसून-दुरुस्त करून लख्ख झालेली असते. विमा कंपनीला कळवायची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते. ती गावी पोचायच्या आतच संपू शकते, म्हणून मुंबईला उतरल्या उतरल्या ईमेल टाकून ठेवावा.